पाटीवर एक शब्द जास्त : क्वेबेकचा 'फक्त फ्रेंच' कायदा आणि आपण

आजचा भाग पाट्यांवर आहे. दुकानांच्या पाट्या. मराठी पाट्यांचा विषय आपल्याकडे इतका गाजलाय की तुमच्यापैकी अर्ध्या लोकांची मतं आधीच पक्की असणार. एक बाजू म्हणते, 'महाराष्ट्रात धंदा करायचा तर मराठीत लिहा.' दुसरी म्हणते, 'दुकान माझं, पाटी माझी, भाषा मी ठरवणार.'

हाच वाद एका समाजानं आपल्या आधी चाळीसेक वर्षं घातला. कोर्टात घातला, संसदेत घातला आणि शेवटी संयुक्त राष्ट्रांपर्यंत नेला. म्हणून मी आज तुम्हाला आधी मुंबईहून सुमारे १२ हजार किलोमीटर लांब, कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात घेऊन जाणार आहे. परत येताना आपल्याला पातूर आणि बेळगावला थांबायचंय, तेव्हा शेवटपर्यंत ऐका.

ग्राहक फ्रेंच, पाटी इंग्रजी

क्वेबेक ही मुळात फ्रान्सची वसाहत. इंग्रजांनी ती लढाईत जिंकली आणि १७६३ च्या पॅरिस तहानं ती कायमची ब्रिटनकडे गेली. राज्य बदललं, पण माणसं तीच राहिली. ती फ्रेंच बोलत होती, कॅथलिक होती, बहुतेक शेती करत होती. व्यापार, बँका, कारखाने मात्र हळूहळू इंग्रजी बोलणाऱ्यांच्या हातात गेले.

१८३१ मध्ये अलेक्सी द तॉकव्हिल हा तरुण फ्रेंच प्रवासी तिथे काही दिवस राहून गेला. हा पुढे अमेरिकेतल्या लोकशाहीवर पुस्तक लिहून जगप्रसिद्ध झाला. त्यानं आपल्या टिपणांत एक गोष्ट लिहून ठेवली. लोक जवळजवळ सगळे फ्रेंच बोलणारे, पण वर्तमानपत्रं, जाहिराती बहुतेक इंग्रजीत. एवढंच काय, फ्रेंच दुकानदारांच्या पाट्यासुद्धा इंग्रजीत!

हे ऐकून काही आठवलं का? मालक मराठी, गिऱ्हाईक मराठी आणि पाटी मात्र इंग्रजीत, असं दुकान तुमच्याही गल्लीत असेल. कुणी सक्ती केलेली नसते. पण इंग्रजीत लिहिलं की दुकान 'मोठं' वाटतं. पाटी नुसतं नाव सांगत नाही. या गावात कुणाची भाषा वजनदार आहे, तेही सांगते.

आता १९६० च्या दशकात येऊ. प्रांतात सुमारे ८० टक्के लोकांची मातृभाषा फ्रेंच. पण मॉन्ट्रियलमध्ये वरच्या हुद्द्याची नोकरी हवी तर इंग्रजी लागायची. केंद्र सरकारनं नेमलेल्या शाही आयोगानं उत्पन्नाचे आकडे तपासले. क्वेबेकमध्येच फ्रेंच वंशाच्या लोकांची कमाई ब्रिटिश वंशाच्या लोकांपेक्षा खूप कमी निघाली. वंशवार यादीत ते जवळपास तळाला होते. आपल्याच प्रांतात, बहुसंख्य असून! बाहेरून येऊन स्थायिक होणारी कुटुंबं तर मुलांना इंग्रजी शाळेतच घालत होती. त्यात फ्रेंच घरांतला जन्मदरही घसरत चाललेला. पुढच्या दोन-तीन पिढ्यांत आपली भाषा फक्त स्वयंपाकघरात उरणार, ही भीती काही हवेतली नव्हती.

हे मी मुद्दाम सांगतेय. कारण पुढे जो कायदा येतो तो नुसता 'विचित्र' म्हणून सांगितला जातो, त्यामागचं दुखणं कुणी सांगत नाही.

१९७७ : पाटी फक्त फ्रेंचमध्ये

१९७४ मध्ये पहिला मोठा कायदा झाला. फ्रेंच ही प्रांताची राजभाषा ठरली. पाटीवर फ्रेंच असलीच पाहिजे, पण सोबत दुसरी भाषा चालेल, असा तो नियम होता. या कायद्यावर कुणीच खूश नव्हतं.

नोव्हेंबर १९७६ मध्ये रेने लेवेक यांचा पार्ती केबेक्वा हा पक्ष सत्तेवर आला. क्वेबेक कॅनडापासून वेगळा व्हावा, असं मानणारा पक्ष. त्यांचे मंत्री कामीय लोरँ हे पेशानं मनोविकारतज्ज्ञ. आपल्या समाजाला न्यूनगंडानं ग्रासलंय आणि कायद्यानं त्यावर उपचार करता येईल, असं त्यांना वाटायचं. ऑगस्ट १९७७ मध्ये त्यांनी फ्रेंच भाषेची सनद मंजूर करून घेतली. हाच तो प्रसिद्ध 'कायदा १०१'.

त्यातलं ५८ वं कलम सांगत होतं की सार्वजनिक पाट्या आणि व्यापारी जाहिराती फक्त राजभाषेत हव्यात. 'फ्रेंचमध्येही' नाही, फक्त फ्रेंचमध्ये. आणखी एक कलम दुकानाच्या नावाबद्दल होतं, तेही फ्रेंच रूपातच वापरायचं. काही अपवाद होते. राजकीय किंवा धार्मिक संदेश, दुसऱ्या भाषेतल्या वर्तमानपत्रातल्या जाहिराती यांना हा नियम नव्हता.

परिणाम लगेच दिसायला लागले. 'ईटन्स' हे कॅनडातलं जुनं, नावाजलेलं दुकान. इंग्रजी नावातलं षष्ठीचं चिन्ह आणि शेवटचं 'एस' हे अक्षर पाटीवरून गेलं आणि क्वेबेकमध्ये ते नुसतं 'ईटन' झालं. रस्त्यावरच्या लाल अष्टकोनी फलकांवर आजही तिथे बहुतेक ठिकाणी 'आरे' असं लिहिलेलं असतं, म्हणजे 'थांबा'. गंमत म्हणजे खुद्द फ्रान्समध्ये त्याच फलकावर 'स्टॉप' लिहितात! नियम मोडणाऱ्यांना नोटिसा देणारे निरीक्षक आले, त्यांना लोकांनी 'भाषा पोलीस' म्हणायला सुरुवात केली. सन लाइफ या विमा कंपनीनं १९७८ मध्ये मुख्यालय टोरंटोला हलवायचं जाहीर केलं, आणि त्यामागे हाच कायदा असल्याचं सांगितलं.

दुसरी बाजूही ऐका. मॉन्ट्रियलचा चेहरा खरंच बदलला. फ्रेंच बोलणाऱ्या माणसाला आपल्या शहरात फिरताना पहिल्यांदा वाटलं, की हो, हे शहर माझंय. हा फायदा खरा होता.

लोकरीच्या दुकानाची केस

मॉन्ट्रियलजवळ लोकर विकणारं एक छोटं दुकान होतं. नावाचा अर्थ साधारण 'छोट्या मेंढीची लोकर'. नाव फ्रेंचच. पाटीवर फ्रेंचमध्ये 'लेन' असं लिहिलं होतं, म्हणजे लोकर. आणि शेजारी इंग्रजीत 'वूल'. एवढंच. पण कायद्यानं हा एक शब्द जास्त होता.

ही दुकानदार आणि आणखी चार व्यवसाय, त्यात बुटांचं दुकान, फुलवाला वगैरे, मिळून कोर्टात गेले. हा खटला 'फोर्ड विरुद्ध क्वेबेक' म्हणून ओळखला जातो. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं १५ डिसेंबर १९८८ ला निकाल दिला. मंडळी, पाट्यांवर वाद घालणाऱ्या प्रत्येकानं हा निकाल समजून घ्यावा असं मला वाटतं. कारण कोर्टानं दोन्ही बाजूंचं अर्धं अर्धं म्हणणं मान्य केलं.

सरकारचा पहिला युक्तिवाद होता की अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे काय बोलायचं याचं स्वातंत्र्य, कुठल्या भाषेत बोलायचं याचं नाही. कोर्टानं हे मानलं नाही. भाषा म्हणजे मजकूर भरायचा नुसता डबा नाही. भाषेमुळे मजकुराला रंग येतो, अर्थ येतो, आणि माणसाची ओळखही त्यातच असते. साधा विचार करा. आईला 'आई' म्हणणं आणि 'मदर' म्हणणं, माहिती एकच, पण गोष्ट एक आहे का?

सरकारचा दुसरा युक्तिवाद असा, की ही तर धंद्याची पाटी, हिला कसलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य? कोर्ट म्हणालं, व्यापारी अभिव्यक्तीलाही संरक्षण आहे. कारण त्यात फक्त विकणाऱ्याचा नाही, ऐकणाऱ्याचा, विकत घेणाऱ्याचाही हक्क असतो.

मग सरकार पूर्ण हरलं का? नाही! फ्रेंच भाषा धोक्यात आहे, याचे पुरावे कोर्टानं मान्य केले. घटता जन्मदर, स्थलांतरितांचा इंग्रजीकडे ओढा, अर्थकारणावर इंग्रजीची पकड, सगळं. प्रांताचा 'भाषिक चेहरा' फ्रेंच दिसावा, हा हेतू कोर्टाला गंभीर आणि योग्य वाटला. कोर्टाचा प्रश्न एवढाच होता, की त्यासाठी दुसरी भाषा पुसून टाकायची गरज काय? फ्रेंच सक्तीची करा. ठळक करा. इतर भाषांपेक्षा स्पष्टपणे मोठी करा, तेही चालेल. पण 'फक्त फ्रेंच' हे गरजेचं आहे, असं सरकार दाखवू शकलं नाही.

माझ्या मते या गोष्टीचा गाभा इथे आहे. 'माझी भाषा पाटीवर हवीच' हा एक कायदा आणि 'तुझी भाषा पाटीवर नकोच' हा दुसरा. ऐकायला जुळी भावंडं वाटतात, पण पहिला भर घालतो आणि दुसरा पुसतो.

निकालानंतर काय झालं?

आता पार्ती केबेक्वाचं सरकार गेलं होतं. लिबरल पक्षाचे रोबेर बुरासा मुख्यमंत्री होते, आणि द्विभाषिक पाट्यांना मोकळीक देण्याचं आश्वासन त्यांच्याच पक्षानं दिलेलं. पण निकाल आला तसे लोक रस्त्यावर उतरले. बुरासा पेचात पडले. काही दिवसांतच त्यांनी नवा कायदा आणला. दुकानाच्या बाहेर फक्त फ्रेंच. आत दुसरी भाषा चालेल, पण फ्रेंच ठळक हवी.

बाहेर फक्त फ्रेंच? हे तर कोर्टानं नुकतंच रद्द केलं होतं ना? हो. पण कॅनडाच्या राज्यघटनेत एक अजब कलम आहे, ३३ वं. ते वापरून विधिमंडळ म्हणू शकतं, की हा कायदा काही मूलभूत हक्कांच्या विरोधात असला तरी लागू राहील. मुदत पाच वर्षं, नंतर हवं तर पुन्हा नूतनीकरण. बुरासांनी ते वापरलं.

त्यांच्या मंत्रिमंडळातल्या तीन इंग्रजीभाषक मंत्र्यांनी राजीनामे दिले. शेजारच्या प्रांतांत संताप उसळला. क्वेबेकला घटनेत 'वेगळा समाज' म्हणून मान्यता देणारा मीच लेक करार तेव्हा सगळ्या प्रांतांपुढे मंजुरीसाठी होता. मॅनिटोबाच्या मुख्यमंत्र्यांनी त्याचा ठराव लगेच मागे घेतला. पुढे १९९० मध्ये तो करार कोसळला. त्याला इतरही कारणं होती, पण पाट्यांच्या कायद्यानं वातावरण नासवलं, हे नक्की. थोडक्यात, पाट्यांवरून इंग्रजी पुसायच्या नादात क्वेबेकची घटनात्मक मान्यताच अडचणीत आली.

काही दुकानदार संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे गेले. त्यातल्या एकाचा हंटिंगडन गावात अंत्यसंस्काराची व्यवस्था करण्याचा व्यवसाय होता. इंग्रजी पाटीबद्दल त्यालाही नोटीस आली होती. १९९३ मध्ये समितीनं मत दिलं, की सरकारनं स्वतःच्या कामकाजासाठी राजभाषा जरूर निवडावी, पण त्याबाहेर माणसानं कुठल्या भाषेत व्यक्त व्हावं यावर बंदी घालू नये. त्याच वर्षी पाच वर्षांची मुदतही संपत आली होती. मग क्वेबेकनं नियम बदलला. दुसऱ्या भाषा चालतील, पण फ्रेंच 'स्पष्टपणे वरचढ' हवी. साधारण हिशोब असा, की फ्रेंच मजकूर दुप्पट मोठा. म्हणजे १९८८ मध्ये कोर्टानं सुचवलेली वाट, पाच वर्षं भांडून झाल्यावर.

यानंतर सगळं शांत झालं असं नाही हं. २०१३ मध्ये एका इटालियन रेस्टॉरंटच्या मेन्यूवर 'पास्ता' हा शब्द आहे म्हणून भाषा कार्यालयानं आक्षेप घेतला! जगभर हसं झालं आणि त्या कार्यालयाच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं. २०२२ मध्ये कायदा पुन्हा कडक झाला, परत ३३ वं कलम वापरून. जून २०२५ पासून परक्या भाषेतल्या ट्रेडमार्कच्या पाट्यांवरही फ्रेंच मजकूर वरचढ ठेवावा लागतो. पण दुसऱ्या भाषेवर सरसकट बंदी? ती परत आलेली नाही.

आता आपल्याकडे

आपल्या कायद्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. महाराष्ट्रात दुकानाची पाटी देवनागरी लिपीत, मराठीत हवी. १० पेक्षा कमी कामगार असलेली दुकानं यातून सुटत होती, ती पळवाट २०२२ च्या दुरुस्तीनं बंद झाली. दुसरी भाषा चालते, पण मराठी अक्षरं तिच्यापेक्षा लहान नकोत. बस. म्हणजे आपला कायदा 'भर घालणारा' आहे, 'पुसणारा' नाही.

व्यापाऱ्यांच्या एका संघटनेनं या सक्तीला आव्हान दिलं. मुंबई उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये याचिका फेटाळली, वर २५ हजार रुपये भरायला लावले. कोर्टाचा एक मुख्य मुद्दा असा होता, की दुसऱ्या भाषेवर बंदी कुठे आहे? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयानं दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि साधारण असं सुनावलं, की वकिलांवर खर्च करण्यापेक्षा पाट्यांवर करा, दसरा-दिवाळी तोंडावर आलीय!

बरं, आपल्याकडेही जाहिरातीला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये टाटा प्रेस खटल्यात ते मान्य केलं. म्हणून उद्या कुणी 'फक्त मराठी' असा कायदा आणला, तर प्रश्न अगदी लोकरीच्या दुकानासारखाच उभा राहील.

आणि तो उलट्या बाजूनं उभा राहिलाही. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दूतही नाव होतं. एका माजी नगरसेविकेनं ते काढून टाकावं म्हणून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की कायदा मराठी मागतो, ती तिथे आहे. सोबत उर्दू नको, असं तो कुठेही म्हणत नाही. भाषा म्हणजे धर्म नव्हे, हेही न्यायालयानं बजावलं. मराठी तिच्या जागी होती, वर होती. खाली उर्दू आल्यानं तिचं एक अक्षरही कमी झालं नव्हतं.

आता बेळगाव. कर्नाटकात २०२४ पासून पाटीचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये हवा, तोही वरच्या बाजूला. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये बंगळुरूत आंदोलकांनी इंग्रजी पाट्या फोडल्या. बेळगावात मराठी फलकांवरून वाद आणि काळं फासण्याचे प्रकार अधूनमधून बातम्यांत येतच असतात. ते वाचून आपलं रक्त उसळतं. का? पाटीवर कन्नड आहे म्हणून? नाही. मराठी पुसली जाते म्हणून.

मग माझी साधी कसोटी अशी आहे. मुंबईत आपण मराठीसाठी जो नियम मागतो, तोच नियम बेळगावच्या मराठी दुकानदारावर कन्नडसाठी लागला, तर तो आपल्याला चालेल का? 'कन्नड लिही, मोठी लिही, पण खाली तुझी मराठी ठेव.' हे चालेल. कुरकुर करू, पण चालेल. 'मराठी काढ' हे चालणार नाही. जे बेळगावात चालणार नाही, ते मुंबईत, पातुरात आपण कुणाला सांगू नये. आणि काळ्या रंगाचा डबा घेऊन आलेल्या जमावाला तर दोन्हीकडे जागा नसावी. क्वेबेकच्या त्या लोकरवाल्या बाईंना निदान कोर्टात जाऊन भांडता आलं. डब्यापुढे कुठलं कोर्ट?

जाता जाता एकच. कायदा १०१ मध्ये पाट्यांपेक्षा मोठा भाग शाळांचा होता. बाहेरून आलेल्या बहुतेक मुलांना फ्रेंच शाळेत जावं लागलं, आणि आज ती मुलं फ्रेंच बोलतात. अनेक अभ्यासक फ्रेंच टिकल्याचं श्रेय पाट्यांपेक्षा या शाळांना जास्त देतात. आपण पाटी जिंकलोय, निदान कागदावर. पण त्या पाटीखालून जाणाऱ्या मुलाला ती वाचता येणार आहे का, वाचावीशी वाटणार आहे का, हा हिशोब अजून बाकी आहे.

तुमच्या गल्लीतल्या पाट्या जरा नीट बघा आणि काय दिसलं ते मला कळवा. तुमचं मत माझ्यापेक्षा वेगळं असेल तर ते आधी कळवा! भेटू पुढच्या भागात.